मला साक्षीला उभे केले

मित्रांनो, मी तुमच्या मुठीत मावेल एवढा दगड आहे. दगडाला राग येत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मला येतो, आणि माझा राग अजून शांत झालेला नाही.

मी मुळात दगड नव्हतो. उथळ समुद्राच्या तळाशी रांगणारा, पाठीवर कवच असलेला ट्रायलोबाइट नावाचा जीव होतो. धोका दिसला की मी अंगाची गुंडाळी करून घेत असे. तशाच गुंडाळीत एकदा गाळाखाली गाडला गेलो. समुद्र आटला, गाळाचा खडक झाला. अडतीस कोटी वर्षांनी, पेनसिल्व्हेनियातल्या मिलर्स नॉच गावाच्या खाणीत, शाळकरी वॉरन क्रेसलरने हातोडीने खडक फोडला आणि मला उजेड दिसला. त्याने आनंदाने अशी किंकाळी मारली की खाणीवरचे कावळे उडाले. दुसऱ्याच दिवशी त्याने मला शाळेला देऊन टाकले.

शाळेत माझे फार कौतुक झाले. जीवशास्त्राच्या आर्डिस हॉस्टेटर बाई मला बाकांवरून फिरवायला देत. "घ्या रे हातात. आता चावत नाही तो!" मुले माझ्या डोळ्यांतल्या भिंगांवरून बोट फिरवत आणि विचारत, याच्या आधी कोण होतं? नंतर कोण आलं? बाई सांगत, खालच्या थरांत याचे पूर्वज सापडतात, वरच्या थरांत वेगळी पिल्लावळ. सजीव असेच पिढ्यान्पिढ्या बदलत आले. किती वर्षे मी त्या कोवळ्या, घामेजल्या तळहातांवर काढली! त्याहून सुखाची जागा मला समुद्रातही मिळाली नव्हती.

वॉरन मोठा झाला, ट्रॅक्टरचा विक्रेता झाला आणि शाळामंडळाचा अध्यक्षही. त्याची मुलगी टेसा बाईंच्याच वर्गात आली. तिने घरी उत्क्रांतीचा धडा सांगितला तेव्हा डॅडच्या घशात घास अडकला, असे ती मैत्रिणींना हसत सांगत होती. पुढे हसण्यासारखे काही उरले नाही. मंडळाने ठराव आणला : उत्क्रांतीच्या धड्याआधी शिक्षकांनी एक निवेदन वाचायचे. उत्क्रांती हा नुसता अंदाज आहे, सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले असाही एक विचार आहे, वगैरे.

सभा शाळेच्या जेवणघरात भरली. पाय ठेवायला जागा नव्हती. वॉरनने मला वर्गातून मागवून घेतले आणि सर्वांसमोर उंच धरले.

"बघा हे डोळे! माझ्या दुकानातला ट्रॅक्टर आपोआप जुळून येतो का? मग हे कसे येतील? मी एवढंच म्हणतोय, पोरांना दोन्ही बाजू शिकवा."

टाळ्या पडल्या. मित्रांनो, ज्याने मला उजेडात आणले, तोच मला न विचारता माझी साक्ष काढत होता आणि मला तोंड नव्हते.

हॉस्टेटर बाई उठल्या. "वॉरन, रविवारी चर्चमध्ये मी तुझ्या मागच्याच रांगेत गाते. देव मला तू शिकवू नकोस. पण वर्गात मी तपासून बघता येतं तेच शिकवणार. तुझा रचनाकार कसा तपासायचा ते सांग, उद्यापासून शिकवते."

"तुमचा आजोबा माकड असेल बाई, आमचा नव्हता!" मागून कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

"वर्गात जागा राहिला असतास, तर असं कुणी म्हणतच नाही एवढं तरी कळलं असतं," बाई म्हणाल्या.

तरी ठराव मंजूर झाला. बाईंनी निवेदन वाचायला साफ नकार दिला. मग ते वाचायला शिक्षण खात्याचे उपअधीक्षक वर्गात आले. बाई बाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. निवेदन संपताच टेसाने हात वर केला.

"सर, हा रचनाकार कोण?"

"प्रश्न विचारायचे नाहीत."

"का पण?"

"मंडळाचा तसा नियम आहे. बस खाली."

माझा खरा राग हा आहे! दोन्ही बाजू शिकवा म्हणणाऱ्यांना आपल्या बाजूवर एक प्रश्न सोसवत नव्हता.

त्या हिवाळ्यात चर्चच्या जेवणाला बाईंनी घरी भाजून नेलेला ‘अ‍ॅपल पाय’ कुणी कापलासुद्धा नाही. जसा नेला तसा घरी आला. काही पालक मात्र कोर्टात गेले. रचनाकाराचा विचार हा धर्मच आहे, फक्त विज्ञानाचा कोट घालून आलाय, आणि सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही, असा निकाल न्यायाधीशांनी दिला. निवेदन बंद झाले. शाळामंडळाच्या पुढच्या निवडणुकीत वॉरन पडला.

शाळा सुटल्यावर एकदा तो वर्गात आला. "दगड माझा आहे, आर्डिस. मला सापडला होता."

"दिलेली वस्तू परत मागतोस?"

"शाळेला दिला होता. तुझ्या बाजूला नव्हता दिला."

बाईंनी मला बराच वेळ हातात धरले. बाई दमल्या होत्या. "ने," त्या म्हणाल्या. "नाहीतरी तुलाच तो पुन्हा नीट बघायची गरज आहे."

त्याने मला बघितले नाही. गॅरेजच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे टाकून दिले. आज बाईंच्या टेबलावर मुलांच्या हातात द्यायला काही नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. जपायचेच असेल तर प्रश्न जपा, आणि ते ऐकून घेणारी बाई जपा. ती एकटी पडली तर तिच्या शेजारी जाऊन बसा.

काल टेसा ब्रश शोधायला गॅरेजमध्ये आली होती. मी तिच्या हाती लागलो. वॉरन ट्रॅक्टरखालून बाहेर येत होता.

"डॅड, हा किती जुना आहे?"

वॉरन फडक्याला हात पुसत राहिला. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला. "ठेव तो जागेवर. जेवण निवतंय."

तिने मला ठेवले नाही. ती दार अडवून उभी राहिली.

"मी विचारलं, किती जुना आहे?"