नव्या प्रणालीत मी बसेन का?

मी ताइनान शहरातल्या एका भरतकामाच्या दुकानातला संगणक बोलतोय. दिसायला साधा काळा डबा, पण देवळातल्या पालख्यांवर झळकणारे सोनेरी ड्रॅगन आधी माझ्या पोटात जन्मतात, मग कापडावर उतरतात. एवढा तोरा मला शोभतो!

माझा जन्म याच दुकानातल्या टेबलावर झाला. मालक कुन-शान यांनी बाजारातून एकेक भाग पारखून आणला आणि मला स्वतःच्या हातांनी जोडलं. पुढे ते वारले. तेव्हापासून त्यांची बायको पी-श्या रोज सकाळी मला पुसते आणि विचारते, "उठलात का?" ते अहोजाहो माझ्यासाठी नसतं, हे मला कळतं. पण मी लगेच उठतो.

मग संगणक चालवणारी नवी प्रणाली आली आणि जुनीची देखभाल बंद झाली. मुलगा यू-तिंग याने माझी तपासणी केली. मेमरी पुरेशी, जागा भरपूर, प्रोसेसरही चालेल. शेवटी मात्र लाल फुली: सुरक्षेची चिप नाही. माझा तर पंखाच थांबायचा बाकी होता.

"आई, हा भंगारात देऊ. नवा घेऊ."

"तुझ्या बाबांनी जोडलाय तो. त्याला देणार असशील तर मलाही दे सोबत!"

"अगं, नवी प्रणाली याला घेतच नाही, मी काय करू?"

"खाऊ ठेव. शहाण्यासारखा वागेल."

यंत्राने कुरकुर करू नये म्हणून आमच्याकडे त्याच्या डोक्यावर खाऊचा हिरवा पुडा ठेवतात. यू-तिंग तोंड वाकडं करत गेला, पुडा आणला, माझ्यावर ठेवला आणि पुन्हा तपासणी लावली. पुन्हा लाल फुली!

पी-श्याने चष्मा चढवला. "अरे गाढवा, हा पिवळा आहे!"

"हिरवे संपले होते. खाऊ तो खाऊच ना?"

"पिवळा गल्ल्यावर ठेवतात! यंत्राला हिरवा लागतो, एवढंही कळत नाही? उचल आधी!"

गडबडीत पुडा माझ्या मागे पडला. तो काढायला यू-तिंगने मला ओढलं, तर माझं सैल झालेलं झाकणच त्याच्या हातात आलं. तो आत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"आई, इथे एक जागा रिकामी आहे. ही त्या चिपचीच!"

इतकी वर्षं ती माझ्या पोटात होती आणि मलाच पत्ता नव्हता.

संध्याकाळी तो नखाएवढी चिप घेऊन आला. आईच्या धाकाने हिरवा पुडाही आणला. दोन्ही जागच्या जागी बसलं आणि मी पास झालो. चिपमुळे जमलं असं तो म्हणतो, पुड्यामुळे असं ती म्हणते. मी मायलेकांच्या भांडणात पडत नाही.

आता नव्या प्रणालीवर जरा धापा टाकत का होईना, मी मजेत चालतो. तुमच्या घरी कुणा म्हाताऱ्या संगणकाला लाल फुली मिळाली, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा त्याचं झाकण उघडून बघा. एवढीच विनंती.

काल यू-तिंग माझी धूळ झाडत होता. "आई, बाबांनी हा स्क्रू वाकडाच बसवलाय. बदलू का?"

"राहू दे," पी-श्या म्हणाली. "जन्मभर त्यांचं वाकडं सांभाळलं मी. तेवढं एकच उरलंय आता."