रॉकेटच्या नाकातलं शिसं

मित्रांनो, मी शिशाचा एक जुना मणी आहे. बोराएवढा, करडा, मधोमध आरपार भोक असलेला. आणि मी मत्सरी आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म मासेमारीसाठी झाला. गळाच्या दोरीला लटकून मी कित्येक वर्षं पाण्यात बुड्या मारल्या. मासा लागला की कौतुक मात्र गळाचं व्हायचं. पुढे मालकांनी मासेमारी सोडली आणि मी डब्यात पडून राहिलो. एके दिवशी त्यांच्या लेकीने, ठकीने, मला उचललं. ती पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट करत होती. नाकात, म्हणजे पुढच्या टोकात, वजन नसलं तर असं रॉकेट हवेत कोलांट्या खातं, म्हणून तिला माझी गरज होती. माझी! मी हरखून गेलो.

पण तिथे पॅराशूट होतं. लाल, रेशमी, ठकीच्या आत्यांनी शिवलेलं. आत्यांनी जन्मभर शिवणकाम केलेलं. हल्ली हात थरथरायचे, तरी आठ दिवस खपून त्यांनी ते पुरं केलं. ठकी ते सारखं गालाला लावून बघायची. मला हात लावला की मात्र आत्या ओरडायच्या, "शिसं आहे ते! आधी साबणाने हात धू." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

रॉकेटचे पंख रंगवण्यात ठकीने चार दिवस घालवले. माझी पाळी आली तेव्हा तिने नाकाच्या गुळगुळीत प्लॅस्टिकमध्ये कागद चिकटवायचा डिंक ओतला आणि मला आत ढकललं.

"एवढ्याने टिकेल का गं?" आत्यांनी विचारलं.

"टिकेल गं आत्या. आत कोण बघायला जातंय?"

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं.

डिंक वाळला आणि प्लॅस्टिकपासून सुटला. मी सैल झालो. उड्डाणाच्या सकाळी मैदानात ठकीने रॉकेट कानाशी धरून हलवलं. मी खडखडलो असतो तर तिला कळलं असतं. पण मी अंग चोरून टोकात गप्प बसलो. म्हटलं, होऊ दे एकदाची त्या लाल नटव्याची फजिती.

रॉकेट सुटलं तसा मी मागे घसरलो आणि थेट नळीत घडी करून ठेवलेल्या पॅराशूटवर आदळलो. नाक हलकं झालं. रॉकेट वळलं, आडवं झालं आणि मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलेल्या आत्यांच्या दिशेने सुसाट निघालं.

"आत्या, वाक!" ठकी किंचाळली.

आत्यांना चटकन वाकता येत नाही. रॉकेट त्यांच्या खांद्याला चाटून मागच्या जमिनीत घुसलं. पॅराशूट फाटलं. मला हवं होतं तेच झालं, मित्रांनो, पण मला स्वतःची लाज वाटली. ठकी आत्यांना मिठी मारून हमसून हमसून रडत होती.

"पुरे आता," आत्या म्हणाल्या, "मी धडधाकट आहे. नाक उघड, काय सुटलं ते बघू."

मग ठकीने नाक आतून पॉलिश पेपरने खरवडलं. दोन ट्यूबमधला, एकत्र कालवला की दगडासारखा घट्ट होणारा गोंद लावून मला त्यात बसवलं. शिवाय नाकाला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून, माझ्या भोकातून बांबूची काडी आरपार घातली. आत्यांनी थरथरत्या हातांनी पॅराशूटला ठिगळ लावलं.

म्हणून विनवतो, मित्रांनो, जे आत असतं आणि दिसत नाही, ते आधी पक्कं करा. त्याचं काम नुसत्या डिंकावर भागवू नका.

पुढच्या खेपेला आम्ही सरळ वर गेलो. पॅराशूट उघडलं. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला, सगळा त्याच्यासाठी. मी पुन्हा जळलो. खोटं कशाला बोलू?

आम्ही उतरताच ठकी धावत आली. "आत्या, तुझं पॅराशूट बघ, एकही टाका उसवला नाही!"

"पॅराशूट राहू दे गं," आत्या म्हणाल्या. "शिसं जागेवर आहे का, ते बघ आधी."

ठकीने नाकात बोट घालून मला जोर लावून ढकललं. मी तसूभरही हललो नाही.