हिल्डाबाईंची आवणी

राजूरच्या वरच्या डोंगरात आमची निवासी शाळा. तिथं मी पोरांचा स्वैपाक करते. एकाहत्तर साली हिल्डाबाई जर्मनीहून शिकवायला आल्या आन् आठव्याच दिवशी त्यांचा वर्ग रिकामा! भाताच्या आवणीसाठी सगळी पोरं शाळेखालच्या खाचरांत घरच्यांबरोबर उतरली हुती. बाई हजेरीची वही घेऊन तणतणत निघाल्या, तशी मी बी भडकले.

"भात लावलं न्हाई तर पोरं खातील काय? तुमची वही?"

बाईंनी वही मिटली. माझं जुनं लुगडं मागून घेतलं, वर खोचलं आन् माझ्याच खाचरात उतरल्या. पर रोपं लावत निघाल्या म्होरं, आपलीच रोपं तुडवत!

"मागं सरा बाई, मागं!" मी वरडले.

सांजेला त्यांची रोपांची वळ माझ्यापेक्षा सरळ हुती.

चौथ्या दिवशी शाळा तपासायला साहेब आले. बाई गुडघाभर चिखलात मागं मागं सरत रोपं लावत हुत्या आन् शेजारच्या खाचरांतल्या पोरांकडून पाढे घेत हुत्या. साहेब बांधावर बघतच राहिले.

"या बाईंचं शिक्षण कुठं झालं?" त्यांनी मला इचारलं.

मी पदर खोचला. "थोडं जर्मनीत, साहेब. बाकीचं माझ्या खाचरात."