शनिवारचं दार

फोन वाजला तेव्हा एर्विन काझमारेक स्वयंपाकघरात उभा राहून अंडं उकडण्याची वाट पाहत होता. सव्वासहा झाले होते. शनिवारी इतक्या सकाळी फोन म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं वाटून त्याने आधी गॅस बंद केला आणि मग फोन उचलला.

"एर्विन, तुम्ही बरे आहात ना?" ब्रिजिटचा आवाज होता.

"बरा आहे की. का गं?"

"मग आहात कुठे? आम्ही सगळे पबच्या दाराशी उभे आहोत. साडेसहाला सुरू होतेय मॅच."

"साडेसातला," एर्विन म्हणाला.

पलीकडे माणसांची कुजबुज ऐकू येत होती. मग ब्रिजिट हलकेच म्हणाली, "इंग्लंडची घड्याळं गेल्या रविवारी बदलली. नोटीस तुम्हीच तर लावली होती."

अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि इंग्लंडातली शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे तिकडचे फुटबॉलचे सामने इथे तासभर उशिरा दिसतात आणि मग एका शनिवारी गुपचूप मूळ वेळेवर येतात. नवखी माणसं दरवर्षी नेमकी त्याच शनिवारी फसायची. अर्धी मॅच संपल्यावर डोळे चोळत यायची, आणि एर्विन त्यांच्यापुढे कॉफी ठेवत म्हणायचा, "पहिल्या वर्षी होतं असं." म्हणून तर तो आठवडाभर आधी दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवायचा. यंदाही चिकटवला होता. तो वाचून ऐंशी माणसं वेळेवर आली होती आणि लिहिणारा तेवढा घरी अंडं उकडत होता.

रात्रीच्या पायजम्यावरच कोट चढवून तो निघाला. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता. गाडी नेहमीपेक्षा जोरात हाकावी असं वाटत होतं, पण त्याचा स्वतःच्या हातांवर आज भरवसा नव्हता.

वीस वर्षांपूर्वी हे सगळं डेसमुळे सुरू झालं. एर्विन शहराच्या पाणी खात्यात मीटर वाचायचा. घरोघरच्या तळघरांत उतरायचं, आकडा टिपायचा, वर यायचं. एकतीस वर्षं हेच. डेस त्याच्याच खात्यात होता. मूळचा इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावचा, इथल्या मुलीशी लग्न करून मिलवॉकीत राहिलेला. त्याच्या गावचा संघ निळ्या शर्टांचा. त्याने पबच्या मालकिणीच्या, लोरेनच्या मागे लागून टीव्हीची डिश बसवून घेतली. लोरेन म्हणाली, "मॅच दाखवा, काय हवं ते करा, पण शनिवारी मला उठवू नका." बार उघडायचा तर परवाना असलेला माणूस हजर लागतो. डेसला कसल्याच परीक्षेला बसायचं नव्हतं. म्हणून पंचावन्नाव्या वर्षी एर्विन विशीतल्या पोरापोरींबरोबर वर्गात बसला आणि परवाना घेऊन आला. किल्ली आपोआपच त्याच्याकडे आली.

पहिली काही वर्षं ते दोघेच असायचे. नंतर डेस वारला. त्यानंतरच्या शनिवारी एर्विनने सहाला दार उघडलं, टीव्ही लावला आणि रिकाम्या पबमध्ये नव्वद मिनिटं मॅच पाहिली. आपण हे का करतोय हे त्याला सांगता आलं नसतं. पुढे एकेक माणूस येऊ लागला. कोणाला मुलगी शाळेत खेळते म्हणून आवड लागलेली, कोणाला व्हिडिओ गेमवरून, कोणाला विश्वचषकानंतर. बघता बघता निळे मफलर झाले, गाणी झाली, समिती झाली. ब्रिजिट त्या समितीची अध्यक्ष. इस्पितळात नर्स होती. रात्रपाळी संपवून तशीच यायची.

एर्विन पोचला तेव्हा मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. त्याला वाटलं होतं, लोक चिडलेले असतील. पण सगळी गर्दी एका गाडीच्या टपावर ठेवलेल्या फोनभोवती दाटून उभी होती. वळूनसुद्धा कोणी पाहिलं नाही.

"आलो, आलो," तो म्हणाला.

"शू!" कोणीतरी म्हणालं. "कॉर्नर आहे."

त्याने दार उघडलं, दिवे लावले, टीव्ही सुरू केले. पंधरा-वीस जण आत घुसले, बाकीचे फोन सोडायला तयार नव्हते. टीव्ही फोनच्या चांगलं अर्धं मिनिट पुढे होता. त्यामुळे निळ्यांनी गोल केला तेव्हा आतले ओरडले, आणि बाहेरचे डोकं धरून किंचाळले, "अरे, सांगू नका रे! आमचा अजून व्हायचाय!"

हशा झाला. हसण्यात सगळं विरून गेल्यासारखं वाटलं. एर्विनने कॉफीचं यंत्र लावलं.

"काय रे म्हाताऱ्या," गस बारवर कोपर टेकून म्हणाला. तो एर्विनच्याच वयाचा, निवृत्त पोस्टमन. "नोटिशीतलं अक्षर वाचता येईना होय?"

"तुला आलं ना? मग बस झालं."

"मी तर पायजमाही बदलून आलो."

एर्विन हसला. गसचं त्याला काही वाटलं नाही.

मध्यंतरात बारमन आला, आणि ब्रिजिट एर्विनला बाजूला घेऊन गेली. तिचा आवाज रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलतात तसा झाला होता, आणि तेच त्याला लागलं.

"मनाला लावून घेऊ नका. कोणाचंही होतं असं."

"माझं झालं नव्हतं."

"हो. म्हणूनच काळजी वाटतेय."

"नोटीस लिहिल्याचं आठवतंय मला, ब्रिजिट. पेन संपत आलं होतं, शेवटची ओळ दोनदा गिरवली, तेही आठवतंय. पण आज सकाळी तो कागद मी लिहिलाच नव्हता जणू. आणि हे पहिल्यांदा नाही. इथे पहिल्यांदा, एवढंच."

ब्रिजिट म्हणाली, "लोरेन म्हणत होती, नंबराचं कुलूप बसवू या. समितीतल्या सगळ्यांना नंबर देऊ. म्हणजे एकावरच भार नको."

"कधी म्हणाली?"

ब्रिजिटने हातातल्या कपात पाहिलं. "फेब्रुवारीत."

म्हणजे दोन महिने हे सगळे थांबले होते. कसं सांगावं हे कोणाला सुचत नव्हतं. आणि दर शनिवारी तो दार उघडत असताना मागे उभी असलेली माणसं हे मनात ठेवून त्याला सुप्रभात म्हणत होती. राग यायला हवा होता. आला नाही. इतकी माणसं आपल्यासाठी अवघडून जातील, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"बसवा कुलूप," तो म्हणाला. "पण लिहून घे. थंडीत दार अडकतं, खालून जरा उचलून ढकलायचं. खोली तापवायची भट्टी आधी लावायची, दिवे नंतर. कोपऱ्यातला टीव्ही दोन मिनिटं काळाच राहतो, घाबरायचं नाही."

ब्रिजिट फोनमध्ये लिहीत होती. तिचे डोळे भरले होते, पण तिने मान वर केली नाही.

"किल्ली लोरेनला मी स्वतः नेऊन देईन," एर्विन म्हणाला. "आणि परवाना आहे अजून दोन वर्षं. तुमच्यातल्या कोणीतरी काढून घ्या तोवर. परीक्षा सोपी असते."

उत्तरार्ध सुरू झाला. कॉफी आता बारमन पाहत होता. एर्विनला हातांचं काय करावं कळेना. बारच्या अलीकडे येऊन तो उभा राहिला. इतक्या वर्षांत प्रत्येक मॅच त्याने पलीकडूनच पाहिली होती, कप विसळत, मान वाकडी करून. भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या एका बाईने पडद्यावरची नजर न हलवता सरकून जागा केली. तिच्या गळ्यातल्या मफलरवर अजून घड्यांच्या रेघा होत्या.

"पहिल्यांदाच आलात?" तिने विचारलं.

एर्विनने जरा विचार केला. "या बाजूला पहिल्यांदाच."

"मी गेल्या महिन्यापासून येते. फार छान लोक आहेत हो." मग तिने बोट दाखवून समजावलं, की तो सहा नंबरचा दिसतो आळशी, पण सगळा खेळ त्याच्यावर चालतो, आणि समोरच्या संघाने घाबरून चेंडू मागे दिला की आपण बसून टाळ्या वाजवायच्या, ओरडायचं नाही. एर्विन लक्ष देऊन ऐकत होता.

"आणि पुढच्या वेळी लवकर या, म्हणजे पुढची जागा मिळेल," ती म्हणाली. "आज कोणीतरी झोपून राहिलं म्हणे. एरवी मॅचच्या अर्धा तास आधी उघडतं दार."

"बरं," एर्विन म्हणाला. "येईन."

समोरच्यांनी चेंडू मागे दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने कोपराने ढोसलं, तेव्हा त्यानेही वाजवल्या.