त्याला हे चालतं का?

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचेची कड घासायचं चाक गरगरत होतं. चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती. चष्मेवाल्यांची बायको काच दोन बोटांत धरून तिला फ्रेमचा आकार येईल अशी हळूहळू फिरवत होती. खरं तर या कामाला बाह्या कोपराच्या वर दुमडाव्या लागतात. ती दुमडत नसे. दिवसभर ओल्या बाह्यांनी काम करून अंगात गारठा भरायचा, पण दंडावरचे काळेनिळे डाग कुणाला दिसण्यापेक्षा तो पत्करला.

हात कामात असले तरी तिचे कान पुढे दुकानात होते. चष्मेवाल्यांचा आवाज मोठा गोड. एखाद्या आजोबांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावताना ते असं काही बोलत की आजोबांना वाटावं, आपल्या डोळ्यांत काहीच दोष नाही, तक्ताच मेला पुसट छापलाय! बाजारात त्यांना मान होता. चर्चच्या मंडळीत ते पंच होते, पहिल्या बाकावर बसत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या श्रद्धेबद्दल कसं सांगावं, याचे धडेसुद्धा मंडळीला तेच देत.

टच्च! काचेचा कोपरा उडाला.

"काय गं झालं?" पुढून प्रश्न आला.

"कड उडाली... जराशी."

"असू दे, असू दे. माणसाच्या हातून चूक व्हायचीच. आजोबा, तुमचा चष्मा उद्या घरपोच देतो, बिलकूल काळजी करू नका."

गिऱ्हाईक गेलं. चष्मेवाल्यांनी पडदा बाजूला करून आत डोकावलं. चेहऱ्यावर अजून तेच हसू होतं.

"दुकान आवरलं की वर या, बाईसाहेब."

एरवी ते तिला 'अगं' म्हणत. 'बाईसाहेब' म्हणाले की पुढे काय, हे तिला ठाऊक होतं आणि बारकीलाही ठाऊक होतं. बारकी म्हणजे त्यांची शाळकरी मुलगी. बाबांच्या पावलांच्या आवाजावरून ती संध्याकाळ कशी जाणार ते ओळखायची आणि भूगोलाचं पुस्तक तोंडासमोर धरून बसायची.

त्या संध्याकाळी वरच्या घरात व्हायचं ते झालं. तिचा खांदा भिंतीवर आदळला, भिंतीवरचं घड्याळ हललं. नंतर चष्मेवाल्यांनी हात धुतले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून प्रार्थना केली. "प्रभू, हिच्या हट्टी मनाला क्षमा कर." ती "आमेन" म्हणाली. तो हात डोक्यावर असायचा तेव्हाच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटायची.

"आणि हे बघ," ते टॉवेलने हात पुसत म्हणाले, "प्रत्येक घरानं एका शेजाऱ्याला चर्चला आणायचं असं ठरलंय. मीच ठरवलंय, तेव्हा आपलं घर मागे राहून चालणार नाही. उद्या शेजारच्या ताईंकडे जा. शांतीबद्दल बोल. शांतीनं माणसं विरघळतात."

शेजारच्या ताई शिवणकाम करत. एकट्याच राहत. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला टाचणी टोचावी आणि वर हसूही यावं. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा ताई जमिनीवर कापड अंथरून खडूनं खुणा करत होत्या.

"ये गं. त्या बाहीवर पाय देऊ नकोस, गिऱ्हाईक माझा पाय कापेल."

ती कडेला बसली. पाठ केलेलं बोलू लागली. आमच्या घरात प्रभूमुळे शांती आहे, तुम्हीही रविवारी या, मनावरचं ओझं हलकं होतं, वगैरे वगैरे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खडू खाली ठेवला.

"काल संध्याकाळी भिंतीवर काय आदळलं?"

"कपाट सरकवत होतो."

"कपाट रडतं होय गं?"

ती उठू लागली, पण ताईंनी तिचा हात धरला, अगदी हलकेच.

"माझ्या धाकट्या बहिणीकडेही कपाटं फार सरकायची. नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा, म्हणत आम्ही सगळे गप्प बसलो. आता बहीण नाही." त्यांनी तिचा हात सोडला नाही. "तुझ्या देवाबद्दल ऐकायला माझी ना नाही. पण आधी एक सांग. जे चाललंय, ते त्याला चालतं का? चालत असेल, तर तसला देव मला नको. आणि चालत नसेल, तर तू इथे येऊन खोटं का बोलतेस?"

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"विचार करते म्हणाल्या."

हेही खोटंच. पण प्रश्न काट्यासारखा रुतून बसला. लहानपणापासून तिचा प्रभूवर जीव होता. दमली की ती त्याच्याशीच बोले, स्वयंपाक करतानाही बोले. 'सोसायची ताकद दे' एवढंच आजवर मागितलं. त्याला हे चालतं का, असं विचारायचं धाडसच झालं नव्हतं. न जाणो, 'हो' आलं तर?

दोन-तीन दिवस ती घुटमळली आणि एका दुपारी पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या घरी गेली. पाळकबाई बागेत कुंड्यांना पाणी घालत होत्या. तिनं बाही वर केली. पाळकबाईंनी पाहिलं आणि पटकन रस्त्याकडे नजर टाकली, कुणी बघत तर नाही ना म्हणून.

"झाक ते," त्या कुजबुजल्या. "बाई गं, कुणाच्या घरी नसतं? ते मंडळीचे पंच आहेत. बाहेर बोभाटा झाला तर लोक प्रभूच्या नावाला हसतील. तू सोसतेस ना, तीच तुझी साक्ष."

"साक्ष म्हणजे खरं ते सांगणं ना, बाई?"

कुंडी भरून पाणी बाहेर वाहू लागलं तरी पाळकबाईंचं लक्ष नव्हतं. रात्री त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं. पाळकसाहेब भले माणूस, पण भांडणाला भिणारे. त्यांनी चष्मेवाल्यांना गाठून दोन शब्द हळूच सांगितले. "घरात जरा सांभाळून घ्या." आपण कुणाला कुणाच्या तोंडी देतोय, याचा विचार त्यांच्या मनात आला नाही. अब्रू झाकण्याच्या नादात आपण सगळेच असे दोन हळू शब्द बोलून मोकळे होतो, आणि त्यांची किंमत भलतंच माणूस मोजतं.

शनिवारी भर दुपारी चष्मेवाल्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. रस्त्यावर माणसांची, गाड्यांची ये-जा चालू होती. ते मागच्या खोलीत आले.

"बाईसाहेब, पाळकांकडे फिरायला गेला होतात म्हणे."

चाक चालूच होतं. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हात सावकाश चाकाजवळ नेला. पाण्याचे तुषार तिच्या बोटांवर उडू लागले.

"याच बोटांनी दार वाजवलंत ना त्यांचं?"

आवाजात राग नव्हता. अक्षरं वाचायला सांगतानाचाच तो आवाज. करंगळी चाकाला टेकली. पाण्यात लाल रेघ उमटली. तिनं ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. बारकी शाळेतून आली होती. दप्तर खांद्यावरच, ती दारात थबकली. चष्मेवाल्यांनी हात सोडला आणि हसले.

"ये बेटा. आईला काच घासायला शिकवत होतो."

बारकीनं बाबांकडे पाहिलं. आईच्या बोटाकडे पाहिलं. आणि ती हसली. "हो बाबा," म्हणाली.

ते हसू आईनं ओळखलं. ओठ तेवढे पसरलेले, डोळे जागच्या जागी गोठलेले. उपासना संपल्यावर लोकांशी बोलताना ती स्वतः असंच हसायची. आपण हिला प्रार्थना शिकवल्या, गाणी शिकवली, असं तिला वाटत होतं. हिनं आपल्याकडून नेमकं काय उचललंय, ते आत्ता दिसलं.

मारानं जे झालं नव्हतं, ते त्या हसण्यानं झालं. तिनं करंगळी पदरात गुंडाळली, दुसऱ्या हातानं बारकीचा दंड धरला आणि पुढे दुकानात आली. मागून हाक आली, "अगं, कुठे चाललीस?" आता केस धरतील, आता ओढतील, असं मानेला जाणवत होतं. ती अर्ध्या शटरखालून वाकून रस्त्यावर आली. लोक होते म्हणून ते मागे आले नाहीत. माणसांसमोर त्यांनी कधीच काही केलं नव्हतं.

ताईंनी दार उघडलं.

"तुम्ही विचारलं होतं ना..." तिचे दात वाजत होते. "त्याला नाही चालत. माझ्या देवाला हे अजिबात चालत नाही. एवढंच सांगायला आले. आणि... आम्हाला आत घ्या."

ताईंनी दोघींना आत ओढलं, कडी लावली. संध्याकाळी चष्मेवाले आले. बरोबर पाळकसाहेब आणि पाळकबाई. ताईंनी दार उघडलं, पण वाट अडवूनच उभ्या राहिल्या. कापड बेतायची मोठी कात्री हातातच होती. ती मुद्दाम घेतलेली की कामातली, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"घरातली गोष्ट घरात मिटवू," पाळकसाहेब म्हणाले.

ती ताईंच्या मागे उभी राहून बोलली. आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना कान द्यावे लागले. "मी प्रभूला सोडलेलं नाही. घर सोडलंय. पुन्हा त्या जिन्यावर पाय ठेवायची नाही."

"हिचं डोकं फिरलंय," चष्मेवाले हळहळून म्हणाले. "आपण हिच्यासाठी प्रार्थना करू."

पाळकबाईंची नजर पदरात गुंडाळलेल्या बोटावर होती. त्या नवऱ्याकडे वळल्या. "मी हिला सोस म्हणाले आणि तुम्ही यांना जाऊन सांगितलंत," त्या म्हणाल्या. "हे बोट आपण दोघांनी कापलंय." पाळकसाहेब मान खाली घालून निघून गेले, मागोमाग पाळकबाई आणि चष्मेवालेही.

त्याच संध्याकाळी ताईंनी तिला दवाखान्यात नेलं, आणि तिथून पोलीस चौकीवर. तक्रार सांगताना ती दर वाक्याला दाराकडे बघत होती. पण शेवटपर्यंत सांगितलं.

सकाळ झाली, रविवार होता. ती बारकीची वेणी घालू लागली.

"कुठे निघालीस?" ताईंनी विचारलं.

"चर्चला."

"तो असेल तिथे."

"असणारच. म्हणून तर हात कापतायत, भांग वाकडा जातोय."

"मग कशाला जातेस मरायला?"

"ते घर त्यांचं नाही, ताई."

ताईंनी तिच्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि चपला शोधू लागल्या. "थांब, मीही येते. तुझ्या देवासाठी नाही हं, तुझ्यासाठी."

"चालेल," ती म्हणाली. "तोही रागावणार नाही."

तिघी आत शिरल्या तेव्हा गाणं चालू होतं. माना वळल्या, सूर विस्कटले. चष्मेवाले पहिल्या बाकावरून उठले आणि हात पसरून पुढे आले. "या ताई, या! प्रभूनं माझ्या घरातून तुम्हाला इथे आणलं."

"तुमच्या घरातून?" ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "तुमच्या घरातून या दोघी आल्या माझ्याकडे. पळून."

गाणं थांबलं. कुणी चपलांकडे बघू लागलं, कुणी छताकडे. किती जणांना आधीपासून ठाऊक होतं, ते त्या खाली गेलेल्या माना सांगत होत्या. पाळकसाहेब व्यासपीठावरून उतरले. कपाळ घामानं भिजलं होतं. ते चष्मेवाल्यांच्या आणि त्या तिघींच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"तुम्ही आजपासून त्या बाकावर बसायचं नाही," ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "आणि चौकीवर मी तुमच्याबद्दल काय ते खरं सांगणार आहे."

चष्मेवाल्यांनी मंडळीकडे पाहिलं. दोन माणसं त्यांच्या बाजूनं उठली, एक बाई "चारचौघांत हे शोभतं का?" असं पुटपुटली. बाकीचे बसून राहिले. चष्मेवाले त्या दोघांना घेऊन निघाले. जाताजाता तिच्याजवळ क्षणभर थांबले, आणि हसले. हे एवढ्यात संपणार नाही, हे तिला त्या हसण्यात दिसलं.

पाळकबाईंनी बाकावर सरकून जागा केली. ती बारकीला घेऊन बसली. सगळी मंडळी त्यांच्याकडे बघत होती. बारकी आईला चिकटली आणि तिच्या कानाशी लागली.

"आई, आता चेहरा कसा करायचा?"

आईनं तिला जवळ ओढलं. "जसा होईल तसा होऊ दे."

बारकीचे ओठ थरथरले. मग भर उपासनेत, सगळ्यांच्या देखत, पोर मोठ्यानं रडायला लागली. कुणीही तिला गप्प केलं नाही.