लांडगामावशी

"कण मोजणाऱ्या यंत्राचा काटा तर हलू दे, बाई. मग बोलवा त्यांना." साहेब मावशींच्या खुर्चीमागे उभे होते.

"काटा हलेल तेव्हा ती दोघं दारातच अडकलेली असतील," म्हणत मावशींनी माइक पुढे ओढला.

चंद्राकडे निघालेल्या यानातले दोघे त्या क्षणी बाहेर लटकून बिघडलेला अँटेना दुरुस्त करत होते आणि इथे पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर सूर्याच्या कडेला पांढरा भडका उठला होता. त्यातून सुटलेले कण यानापर्यंत पोचले, तर माणसाच्या अंगातून आरपार जातात. अंतराळातला पोशाख त्यांच्यापुढे मलमलच. पण पोचले तर! सूर्य डोळे वटारतो म्हणून दर वेळी मारतोच असं नाही. याच महिन्यात मावशींनी दोनदा सगळ्यांना आत पिटाळलं होतं आणि दोन्ही वेळा काही म्हणता काही आलं नव्हतं. तेव्हापासून ऑफिसात त्यांचं नाव पडलं लांडगामावशी. 'लांडगा आला रे आला' म्हणून खिदळणाऱ्यांत साहेबही होते.

नियम मात्र असा, की टेबलावर जो बसेल, हुकूम त्याचा. त्याची पाळी संपेपर्यंत साहेबांनी फार तर मागे उभं राहून उसासे टाकावेत.

"कॅप्टन, आत या. पिशव्या लावा."

"मावशी, परत? अहो, दोनच बोल्ट राहिलेत!"

"राहू देत."

कुरकुरत का होईना, दोघे आत आले. पाण्याच्या आणि जेवणाच्या पिशव्या भोवती रचून सगळे यानाच्या मधोमध दाटीवाटीने बसले. पाणी हे कण बरेचसे अडवतं.

"उगाच ताणताय. आज एवढं काही नाही हो," साहेब म्हणाले.

नेमकं तेच वाक्य! मावशींची आई दवाखान्यात एक्स-रे काढायची. किरणं अडवणारा शिशाचा एप्रन खुंटीला असायचा, पण जड म्हणून राहून जायचा. "आज एवढं काही नाही गं," आई म्हणायची. पुढे रक्ताचा आजार झाला आणि ती गेली. एप्रन न घातल्यानेच झाला का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मावशींनी मात्र त्या खुंटीला कधी माफ केलं नाही.

दुपार कलली. काटा जागचा हलला नाही. भडक्याचा झोत भलतीकडेच निघून गेला होता.

"अंदाज चुकला, एवढं म्हणा. वरिष्ठांकडे मी सांभाळून घेतो," साहेब हळू आवाजात म्हणाले. "नाहीतर उद्यापासून हे टेबल तुमचं नाही."

"टेबल घ्या. पण चुकले म्हणणार नाही. उद्या असाच भडका दिसला, तर चौथ्यांदा बोलवेन."

पाळी संपली. मावशी उठल्या आणि दुसरा गडी खुर्चीत बसला. मावशींना वाईट वाटलं, फार वाटलं. आयुष्य त्या खुर्चीत गेलं होतं. त्यांनी पर्स खांद्याला लावली.

स्पीकर खरखरला. "मावशी, सुटलो ना? पिशव्या काढतोय."

नव्या गड्याने साहेबांकडे पाहिलं. मावशी दारातून मागे फिरल्या आणि वाकून माइकमध्ये बोलल्या, "काढू नका. परत लावायला वेळ जातो."

साहेबांचं तोंड उघडलं. पण ते काही बोलण्याआधीच वरून उत्तर आलं.

"बरं मावशी. ठेवल्या."