पिवळं बटण

बारकीने जाळीदार टोपी आईच्या डोक्यावर नीट बसवली, हनुवटीखाली पट्टा अडकवला आणि बोथट सुईच्या सिरिंजने टोपीच्या एकेका भोकात जेल भरायला सुरुवात केली.

"गार आहे गं," आई म्हणाली. "आणि हे निघणार कसं?"

"मी धुऊन देते ना केस. हलू नकोस."

बारकी तिशीला टेकली होती, तरी घरातलं नाव काही सुटलं नव्हतं. मेंदू चेहरे कसे ओळखतो, यावर ती पीएच.डी. करत होती. मेंदूच्या झटक्यानंतर किंवा अपघातानंतर ज्यांना माणसं ओळखू येईनाशी होतात, असे रुग्ण तपासून झाले होते. तुलनेसाठी त्याच वयाची धडधाकट माणसं हवी होती, आणि त्यातल्या एका बाईने ऐन वेळी अंग काढून घेतलं. काम अडलं. फोनवर आई आधी नाही-नाही म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने हजर झाली.

"पडद्यावर चेहरे येतील. केस, कान, कपडे काही दिसणार नाही. ओळखीचा वाटला तर हिरवं बटण, अनोळखी वाटला तर पिवळं. मधूनमधून आपल्या घरचेही येतील."

आईची बोटं बटणांवर थबकली.

"बरं," ती म्हणाली.

बारकी शेजारच्या खोलीत जाऊन बसली. काचेतून आईची पाठ दिसत होती, समोर मॉनिटरवर तिच्या मेंदूच्या लहरी सरकत होत्या. आधी परके चेहरे आले. आईने पिवळं दाबलं. मग मामा आला. पिवळं. गडबडली असेल, म्हणून बारकीने खुर्ची पुढे ओढली. मग बाबा आले. पिवळं. आणखी काही परके, आणि त्यांच्या मागोमाग बारकीचा स्वतःचा चेहरा. आईने जराही न अडखळता पिवळं दाबलं.

बारकी उभी राहिली.

शेवटचा चेहरा आईचाच होता. तो तिने जरा जास्त वेळ न्याहाळला, गाडीत समोर बसलेल्या एखाद्या बाईकडे पाहावं तसा, आणि पिवळं दाबलं.

बारकीने वायरी तपासल्या. आत जाऊन दोन्ही बटणं स्वतः दाबून पाहिली. हिरवं म्हणजे हिरवंच नोंदलं जात होतं.

"अदलाबदल तर नाही ना झाली तुझी?"

"नाही गं."

"पुन्हा करूया."

पुन्हाही तेच झालं. बारकीचा पेन टेबलावरून घरंगळून खाली पडला, तो तिने उचलला नाही.

तिच्या गाईड मॅडम कॉफीचा मग घेऊन डोकावल्या आणि स्क्रीनसमोरच थांबल्या. "ही रुग्णच आहे की. घरच्या चेहऱ्यांनाही मेंदू ढिम्म. डोक्याला मार कधी लागलेला?"

"कधीच नाही."

"मग जन्मापासूनचं असणार. अशी केस शोधून मिळत नाही. कोण आहेत या?"

"माझी आई."

मॅडमनी हातातला मग खाली ठेवला. काचेपलीकडे आई टोपीसकट ताठ बसून होती, शाळेत बाकावर बसवल्यासारखी.

"त्यांना माहीत आहे?" मॅडमनी हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता त्या बाहेर गेल्या.

बारकीने आईला बेसिनवर वाकवलं, कोमट पाणी सोडलं आणि केसांतलं जेल चोळून काढू लागली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

आईने चाचपडत नळ बारीक केला. मग आई म्हणाली, "पहिल्यापासूनच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. फक्त बाकीचे माझ्याहून हुशार आहेत."

"मग मला कशी ओळखतेस?"

"चालण्यावरून. आवाजावरून. शिंकतेस केवढ्याने, त्यावरून."

"आणि शाळेत? सगळ्या एकसारख्या गणवेशात असायचो."

"मी फाटकाशी उभी राहायचे," आई म्हणाली. "तू यायचीस."

बारकीचा हात केसांतच राहिला. शाळा सुटली की बाकीच्या आया पुढे धावायच्या, पोरींना कवेत घ्यायच्या. तिची आई मात्र खांबासारखी उभी असायची. कॉलेजात असताना एका भांडणात बारकीने ते आईला तोंडावर ऐकवलं होतं.

"माहीत होतं, तर आज आलीस कशाला?"

"तुझं अडलं होतं ना." आईने चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. "म्हटलं, अंदाजाने दाबीन अधूनमधून हिरवं. पण मग तुझं काम खोटं झालं असतं."

बारकीने टॉवेल तिच्या डोक्याभोवती गुंडाळला आणि तो तसाच धरून उभी राहिली.

"लिही तू," आई टॉवेलच्या आतून म्हणाली. "फक्त नाव घालू नकोस. आणि बाबांना सांगू नकोस."

तुलनेसाठी दुसरी बाई मिळाली. आईवर स्वतंत्र प्रकरण झालं. प्रबंधाचा अर्धा जीव त्याच प्रकरणात होता, असं मॅडम म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मोजकं बोलणारे, पिकल्या केसांचे गृहस्थ. आई-बाबा बाहेर बाकावर बसले होते. सगळं झाल्यावर परीक्षकांनी चष्मा काढला.

"एक उगीच विचारतो. या बाईंच्या नवऱ्याला हे ठाऊक आहे?"

"नाही, सर. त्यांची तशी इच्छा नव्हती."

त्यांनी मान डोलावली आणि प्रबंध मिटला.

नंतर चहाला सगळे जमले. मुलगी डॉक्टर झाल्याने बाबा फुलून गेले होते. विषय चेहऱ्यांचा आहे एवढंच त्यांना माहीत होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

"यावरून आठवलं," ते परीक्षकांना म्हणाले. "नवीन लग्न झालेलं. मी हौसेने मिशी सफाचट केली आणि घरी येऊन बेल वाजवली. हिने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काय म्हणावं? साहेब घरात नाहीत, संध्याकाळी या."

सगळे हसले. दर वेळी हसतात तसेच. आईही हसली, पदराने तोंड झाकून. पूर्वी ही गोष्ट ऐकून बारकी पोट दुखेपर्यंत हसायची.

परीक्षकांचा कप ओठांपाशी थांबला होता. त्यांनी आईकडे पाहिलं, मग बारकीकडे. बारकी जागची हलली नाही. आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त पदर धरलेली मूठ घट्ट झाली होती.

परीक्षकांनी कप अलगद बशीत ठेवला आणि ते बाबांकडे वळले.

"मग?" त्यांनी विचारलं. "आले का साहेब संध्याकाळी?"